शब्दचर्चा : ‘वेदना’ पालीतली आणि आपली

अनुवादक : माइंडफुलनेसवर (आत्ताच्या अनुभवाकडे सजगपणे लक्ष देण्यावर) आधारित मानसोपचाराच्या, म्हणजे एमबीसीटीच्या, तक्त्यांचं मराठीकरण चालू आहे. ‘वेदनांकडे लक्ष द्या’ लिहिलं की लोक दुखरी जागा शोधत बसतात. ‘संवेदना’ करू का?

पालीवाला : नको, अर्थ तोकडा होईल. पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, वेदना तीन : सुखा (सुखद), दुक्खा (दुःखद), अदुक्खमसुखा (ना सुखद ना दुःखद). शिवाय ती शरीराची असते तशी मनाचीही. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या बुद्धवचनात, कायानुपस्सना (शरीर न्याहाळणं) वेगळी आणि वेदनानुपस्सना (वेदना न्याहाळणं) वेगळी, ती उगाच नाही. गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात, तिथे तो शब्द चपखल बसतो.
‘भावना’ही जपून वापरा. पालीत ती जोपासना, उदाहरणार्थ मेत्ताभावना, म्हणजे मैत्रीची जोपासना. वैद्य चूर्णाला आवळ्याच्या रसाची भावना देतात, तो अर्थ त्याच्या जास्त जवळचा.

समुपदेशक : खरा घोळ ‘वाटणं’ या क्रियापदाचा आहे. एमबीसीटीच्या दुसऱ्या आठवड्यात रोज एका सुखद प्रसंगाची नोंद असते, तिसऱ्यात नकोशा प्रसंगाची. शरीर, मनःस्थिती, विचार यांचे रकाने वेगळे. पण मराठीत ‘छातीत जड वाटतं’, ‘भीती वाटते’ आणि ‘मला वाटतं नोकरी जाणार’ ही तिन्ही एकाच क्रियापदावर चालतात. मग शरीराच्या रकान्यात हमखास ‘टेन्शन’ येतं.
त्या रकान्यापुरतं ‘वाटणं’ बंद करा. विचारा : कुठे? केवढ्या जागेत? स्थिर की हलतंय? साहेबांचा ‘उद्या भेटा’ असा मेसेज आला, तर ‘जबडा घट्ट, छातीचा मधला भाग आवळलेला’ हे शरीर, ‘धास्ती’ ही मनःस्थिती, ‘नोकरी गेलीच’ हा विचार. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून बांधला. नकोशी वेदना आणि त्यामागून सुरू होणारं विचारांचं दळण यांच्यामध्ये फट पडली, तरच उपयोग.
जुना मानसिक आघात असलेल्या माणसाला मात्र थेट छातीकडे किंवा श्वासाकडे नेऊ नका, त्या प्रसंगाचं चित्र पुन्हा उसळू शकतं. डोळे उघडे, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजावर.

अनुवादक : मग पालीतल्या वेदनेला ‘हवं-नकोपण’ म्हणावं?

पालीवाला : ती झाली तण्हा (तृष्णा), साखळीतली पुढची कडी! फस्स (स्पर्श), वेदना, तण्हा, उपादान (धरून ठेवणं) असा क्रम आहे. ‘हवं’ म्हटलंत की ओढ आलीच. अनुभवाची चव म्हणा : गोड, कडू, अळणी.

समुपदेशक : ‘चव’ चालेल, पहिल्या सत्रात एक मनुका सावकाश, लक्ष देऊन खायचा सराव असतोच, त्याला धरून सांगता येईल. अळणी अनुभवाची नोंद बहुधा रिकामी येते, कारण तसे क्षण ध्यानातच येत नाहीत. त्यासाठी रोजचं एक काम लक्ष देऊन करायला नेमून द्या : दात घासणं, जिना चढणं, भांडी विसळणं.