दहा मिनिटांत सिंहगडचा पोवाडा कसा बसवावा?

वडगावकर: वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथावर सिंहगडचा पोवाडा करूलाव. ट्रॉलीवर सहा मुलं, वेळ दहा मिनिटं. तुळशीदास शाहिरांचा पोवाडा घेतलाय, पण तो एवढ्यात मावत नाही. गाळायचं काय? घोरपड ठेवायची का? आणि डफ बसका वाजतोय, त्याला काय करावं?

खानापूरकर: चौक (पोवाड्याचे भाग) गाळा, पण चाल पळवू नका. पळवली की आधी शब्दच मरतात, आणि पोवाड्यात शब्द मेला तर उरलं काय? नमन एक मिनिट, रायबाच्या लग्नाचं आमंत्रण दोन, कडा दोन, झुंज तीन, शेवट दोन. मधले चौक दोन वाक्यांच्या गद्यात सांगा, तेवढ्यात शाहिराला दमही घेता येतो. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना गेले, त्यात कोंडाणा, म्हणजेच सिंहगड, होता, हे नमनानंतर लगेच यायलाच हवं. नाहीतर पोरांनी लढाई कशासाठी झाली म्हणून विचारलं तर उत्तर नाही.

झीलकऱ्यांनी (मागे साथ गाणाऱ्यांनी) ‘जी जी रं जी’ शाहिराच्या शेवटच्या अक्षरावरच उचलावं. ओळ संपायची वाट बघितली की मध्ये भोक पडतं.

गडप्रेमी_येळ्ळूर: घोरपड ठेवा, ती शाहिराची आहे. फक्त निवेदनात तो इतिहास म्हणून सांगू नका. सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, घोरपड नाही. निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि मागून तानाजी तीनशे माणसांनिशी वर आला, असं आहे. झुंजीचा प्रसंगही तिथूनच घ्या: तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डावा हातच ढाल करून तो मोगलांच्या किल्लेदाराशी, उदेभानाशी लढला आणि दोघेही पडले. मुलाला अभिनयाला याहून चांगली जागा मिळायची नाही. गड घेतल्यावर पागेला आग लावली, तो उजेड महाराजांनी राजगडावरून बघितला. शेवट तिथे करा.

‘त्या दिवसापासून सिंहगड नाव पडलं’ हे वाक्य मात्र काढाच. लढाई 4 फेब्रुवारी 1670 ची, आणि सिंहगड हे नाव 1663 च्या पत्रात आहे.

डफतुणतुणं: वळिवाच्या दमट हवेत कातडं सैल पडतं. निखाऱ्यापासून हातभर लांब धरून डफ गोल फिरवत शेकवा. एकाच जागी धरला तर कातडं कडेला तडकतं. बोटानं टिचकी मारून बघा, ‘ठण्ण’ आलं की बास. गार झाला की परत उतरतो, म्हणून आपला नंबर यायच्या अगदी आधी शेकवा आणि तोवर कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. तुणतुण्याची तार शाहिराच्या षड्जाला (‘सा’ला) लावा; खुंटी सरकत असेल तर तिला खडू घासा.

डफ छातीशी धरला की माइकमध्ये तोच घुमतो. कमरेपाशी, तोंड बाहेर करून धरू दे. झीलकऱ्यांना वेगळे दोन माइक द्या, आणि स्पीकर पोरांच्या पुढे, लोकांकडे तोंड करून बांधा. मागे बांधलात तर शिट्टी मारतो.

वडगावकर: फायबरच्या पडद्याचा डफ चालेल का?

डफतुणतुणं: पाऊस आलाच तर चालेल, जवळ असू दे. पण त्याचा नाद पातळ, झुंजीच्या चौकाला जोर येत नाही. ऊन असेल तर कातड्याचाच घ्या.

खानापूरकर: आणि सराव मिरवणुकीच्या गोंगाटात एकदा तरी करा. बंद खोलीत बसवलेला पोवाडा रस्त्यावर दोन स्वर वर चढतो, मग झुंजीपर्यंत शाहिराचा आवाज फाटतो. पट्टी आधीच खालची धरा.