एकाच पीसीवर तीन मुलांना बसवायचंय (लिनक्स मल्टीसीट), दुसरी स्क्रीन काळीच. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला एक डेस्कटॉप देणगीत मिळाला आहे. आय5, 16 जीबी रॅम. संध्याकाळी मुलं मराठी टायपिंग शिकायला येतात. एक जण बसला की बाकीचे खुर्चीमागे उभे, "सर, माझा नंबर कधी?" जुने मॉनिटर, कीबोर्ड कपाटात पडून आहेत, नवा पीसी घ्यायची ऐपत नाही, आणि टायपिंगला एवढं मशीन लागतही नाही. शिवाय वीज गेली की एकच यूपीएस तिघांना पुरेल.

एकच डेस्कटॉप दोन मॉनिटरवर पसरवायचा नाहीये. प्रत्येकाची स्क्रीन, कीबोर्ड, लॉगिन सगळं वेगळं हवं. विंडोजवर त्यासाठी अ‍ॅस्टर नावाचं सॉफ्टवेअर आहे, पण ते विकतचं. लिनक्समध्ये सिस्टमडीतच (लिनक्सची मूळ सेवा चालवणारी यंत्रणा) सोय आहे, तिला मल्टीसीट म्हणतात; एकेका जागेला 'सीट' म्हणतात, पहिली सीट0, दुसरी सीट1. ब्राझीलच्या पराना राज्यातल्या सरकारी शाळांनी तर एकेका मशीनवर चार-चार मुलं बसवली होती, तेव्हा आपलंही जमायला हवं.

आतापर्यंत उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, लॉगिनची स्क्रीन दाखवायला लाइटडीएम हा प्रोग्राम ठेवला. ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर ऑनबोर्ड (मदरबोर्डवरचा) डिस्प्ले बंद पडत होता, तो बायोसमधून चालू केला. दुसरा कीबोर्ड-माऊस एका यूएसबी हबला लावून तो हब 'लॉगिनसीटीएल अटॅच' या कमांडने सीट1 ला जोडला. रीबूट केल्यावर त्या कीबोर्डवरची अक्षरं पहिल्या स्क्रीनवर उमटायची थांबली, पण दुसरी स्क्रीन काळीच आहे. काय राहिलं?

तिसऱ्या जागेसाठी मदरबोर्डवर एक्स1 स्लॉट (कार्ड बसवायची छोटी खाच) मोकळा आहे. कार्ड घेऊ की यूएसबी डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर? आणि एखाद्या पोराने शटडाऊन दाबलं तर तिघांचंही काम जाईल का, ही मोठी धास्ती आहे.

प्रतिसाद १

दादा, बरंचसं झालंय तुमचं. फक्त हब जोडलात, कार्ड अजून सीट0 कडेच आहे. 'लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस सीट0' चालवा. त्या यादीत दोन्ही ग्राफिक्सच्या ओळींपुढे चौकटी कंसात 'मास्टर' दिसेल. त्यातलं नवं कार्ड ओळखून त्याचा पूर्ण पाथ (यादीत दिसणारा पत्ता) सीट1 ला अटॅच करा. सीटला स्वतःचं ग्राफिक्स मिळाल्याशिवाय लॉगिनची स्क्रीन येतच नाही. चुकलं तर 'फ्लश-डिव्हायसेस'ने सगळं पूर्ववत होतं, बिनधास्त करा.

तिसऱ्या जागेला कार्डच घ्या. जीटी 710 हे ग्राफिक्स कार्ड एक्स1 स्लॉटमध्येही मिळतं, सेकंडहँड बघा. यूएसबी अ‍ॅडॉप्टरचा ड्रायव्हर कर्नल अपडेटनंतर रुसतो, गावात कोण बघणार?

शटडाऊनचं मात्र आधी तपासून घ्या. एकापेक्षा जास्त जण लॉगिन असताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो का, ते आवृत्ती आणि सेटिंगवर अवलंबून असतं. मुलांची खाती साधी ठेवा.

धागाकर्ता

आली! दुसऱ्या स्क्रीनवर लॉगिन आलं, दोन मुली शेजारी बसून टाइप करताहेत. मनापासून आभार. एक राहिलं: हेडफोन लावला तर आवाज पहिल्या जागेलाच येतो. साधं यूएसबी साउंड कार्ड त्याच हबला लावलं की ते आपोआप सीट1 कडे जाईल, की तेही वेगळं अटॅच करावं लागेल?