आधुनिक कलेच्या प्रदर्शनांत काय अनुभवले?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राचे अगदी छोटे छायाचित्र नुकतेच एका पुरवणीत पाहिले आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये भरलेले त्यांचे प्रदर्शन आठवले. छापील छायाचित्रात जो रंग सपाट दिसतो, तो प्रत्यक्षात मुळीच सपाट नसतो. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत आणि ते खरवडूनही काढत. त्यामुळे जवळ गेल्यावर खालच्या थरातला रंग वरच्या थरातून डोकावताना दिसतो, आणि चार पावले मागे सरकले की तोच भाग धुक्यासारखा विरत जातो. वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणाऱ्या या चित्रकाराने एकेका पृष्ठभागाला किती वेळ दिला असेल, हे तिथे उभे राहिल्यावरच लक्षात येते. त्या चित्राचा अर्थ मला उलगडला असे मी म्हणणार नाही, मात्र त्या दालनात माझी नजर संथ झाली आणि बराच काळ संथच राहिली. आपणापैकी कोणाला आधुनिक कलेच्या प्रदर्शनात असे काही जाणवले असल्यास, किंवा याच्या अगदी उलट अनुभव आला असल्यास, अवश्य लिहावे.

* * *

माझ्यासाठी ते चित्र म्हणजे माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयातील पिकासोचे ‘गेर्निका’. पुस्तकांतून ते इतक्यांदा पाहिले होते की नवे काही दिसेल अशी अपेक्षा नव्हती. पण साधारण साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असे ते चित्र एका नजरेत मावतच नाही. मान वळवावी लागते, चालावे लागते, आणि चालता चालता मेलेल्या मुलाला घेतलेल्या आईपासून आगीत सापडलेल्या व्यक्तीपर्यंत आपण गेर्निका या स्पॅनिश गावावरच्या बॉम्बहल्ल्यातून जातो. घोड्याच्या अंगावरील आखूड रेषा वर्तमानपत्राच्या छापील ओळींसारख्या आहेत, हेही मला तिथेच प्रथम दिसले. शेजारी डोरा मार या छायाचित्रकर्तीने काढलेली छायाचित्रे आहेत, ज्यांत १९३७ मध्ये हे चित्र टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले ते पाहता येते. सुरुवातीला आभाळाकडे उंचावलेली मूठ होती, ती पिकासोने पुढे काढून टाकली. त्या एका निर्णयाने चित्रातला विजयाचा आवेश जाऊन केवळ आकांत उरला, असे माझे मत आहे.

* * *

मला अशा प्रदर्शनांत बरेचदा परके वाटते, आणि त्याचा दोष मी कलाकृतींना देत नाही, भिंतीवरच्या टिपणांना देते. कलाकृती कशाची केली, कधी केली आणि कोणत्या परिस्थितीत केली, एवढे साध्या भाषेत सांगितले तरी पुरते. त्याऐवजी मोठमोठ्या संकल्पनांची रांग वाचून पाहणारा खचतो. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांची १९९१ ची एक कलाकृती म्हणजे कोपऱ्यात रचलेला, रंगीत वेष्टनातल्या गोळ्यांचा ढीग आहे. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, ठरवलेले असून पाहणाऱ्याला त्यातली गोळी उचलता येते. कलावंताचा जोडीदार रॉस त्याच वर्षी एड्सने गेला, हे कळल्यावर आपण उचललेली गोळी हातात जड होते. इथे माहिती हा कलाकृतीचाच भाग आहे, म्हणून ती लपवणे किंवा अवघड करून सांगणे मला अन्यायाचे वाटते.

* * *

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. काही काळ मी एका कलादालनात स्वेच्छेने मार्गदर्शनाचे काम केले. बरेच लोक आधी टिपण वाचतात, मग चित्राकडे ओझरते पाहतात आणि पुढच्या टिपणाकडे वळतात. मी प्रत्येक गटाला आधी पाहण्याची आणि मगच वाचण्याची विनंती करीत असे, आणि लहान मुले ती सर्वांत आनंदाने पाळत.

* * *

फ्रेंच चित्रकार मोने यांना आधुनिक कलेवरील या चर्चेत घ्यावे का, याविषयी मतभेद असतील, परंतु आईसोबत पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात गेले होते, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. तिथल्या दोन लंबवर्तुळाकार दालनांत कमळांच्या तळ्याची आठ विशाल चित्रे भिंतीच्या वळणाबरोबर वळत जातात आणि प्रकाश वरून, छतातून येतो. आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. मोने यांनाही मोतीबिंदू होता आणि १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, हे मी तिला सांगितले. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढल्या वर्षी ही दालने खुली झाली, हेही सांगितले. त्यानंतर ती एकेक डोळा हाताने झाकून निळा आणि जांभळा ताडून पाहू लागली, आणि दोन्ही डोळ्यांना रंग वेगळे दिसतात असे मला समजावून सांगत राहिली. एवढ्या उत्साहाने तिला चित्राविषयी बोलताना मी पूर्वी पाहिले नव्हते.

* * *

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार कळवावा. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे. त्यांनाही ही हकिकत वाचून दाखवली.

* * *

सर्वांचे अनुभव हृद्य आहेत, तरीही एक विरोधी मत नोंदवतो. फ्रेंच कलावंत द्युशाँ यांचे १९१७ चे ‘फाउंटन’, म्हणजे स्वाक्षरी केलेले मूत्रपात्र, मी पाहिले आणि मला काहीही वाटले नाही. मूळ वस्तू हरवली असून संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती आहेत, ज्यांपैकी बऱ्याचशा द्युशाँ यांच्याच संमतीने १९६४ मध्ये घडवल्या गेल्या. कलावंताने निवडले म्हणून वस्तू कला ठरते, हा विचार इतिहासात फार महत्त्वाचा आहे हे मी मान्य करतो. परंतु तो विचार मला घरी बसून वाचूनही पूर्ण कळतो. गायतोंडे किंवा मोने यांच्याबाबत तसे होत नाही, आणि प्रदर्शनाला जाण्याचे कारण माझ्यापुरते तेच आहे.

* * *

आपला मुद्दा योग्य आहे, पण विचारप्रधान कलाही शरीराला भिडू शकते, असे मला वाटते. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या भव्य टर्बाइन हॉलमध्ये जमिनीलाच १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. वंशभेद आणि स्थलांतरितांची अवहेलना हा तिचा विषय होता. ती भेग ओलांडताना प्रत्येक जण खाली पाहत होता आणि पाऊल जपून टाकत होता. प्रदर्शनानंतर ती बुजवली तरी जमिनीवर तिचा व्रण राहिला आहे.

* * *

मी चाकांच्या खुर्चीवरून प्रदर्शने पाहते, म्हणून एक वेगळी बाब मांडते. चित्राचा मध्य साधारण दीड मीटर उंचीवर येईल अशी टांगणी करण्याची पद्धत आहे, आणि ती उभ्या माणसाच्या नजरेसाठी आहे. बसलेल्या व्यक्तीला काचेवर दिव्यांचे प्रतिबिंब आधी दिसते आणि चित्र नंतर. याउलट जमिनीवर मांडलेल्या कलाकृती, उदाहरणार्थ अमेरिकी शिल्पकार कार्ल आंद्रे यांच्या धातूच्या चौरस पत्र्यांच्या रचना, माझ्या नजरेला इतरांपेक्षा अधिक जवळ असतात, आणि धातूवर सरकणारा प्रकाश मला अगदी निकटून दिसतो. मांडणशिल्पांच्या दालनांत मी मोकळेपणाने फिरते, कारण तिथे पाहण्याची एकच योग्य जागा ठरलेली नसते. परावर्तन न होणारी काच वापरणारी दालने आपणांस ठाऊक असल्यास कृपया येथे कळवावीत. त्यानुसार मला पुढच्या भेटी ठरवता येतील.