मदत हवी आहे: ॲक्युपंक्चरचे बिंदू पाठ आहेत, पण सुई हातात बसत नाही

शिकाऊ_हात
नमस्कार. पारंपरिक चिनी वैद्यकाच्या पायाभूत वर्गाचं पहिलं सत्र संपत आलंय. चौदा मेरिडियनवरचे (शरीरातल्या मानलेल्या ऊर्जावाहिन्यांवरचे) ३६१ बिंदू क्रमाने म्हणता येतात, अडतंय ते पुढे. सुईला आधार देणाऱ्या नळीशिवाय घालताना ०.२० × ४० मिमीची सुई वाकते आणि समोरच्याला चांगलंच दुखतं. एसटी ३६ ची (गुडघ्याखालच्या बिंदूची) खूण शिक्षकांच्या खुणेपासून बोटभर सरकते, कधी वर, कधी खाली. शिवाय पुढचं शिक्षण निवडायचंय: एक सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा, दुसरा दोन वर्षांचा पूर्णवेळ. सराव नेमका कसा करायचा आणि अभ्यासक्रम कशावरून पारखायचा, कृपया सांगा.

कागदी_गड्डी
सुई वाकते कारण जोर तिच्या रेषेत लागत नाही. मनगटाने मागून ढकललं की जोर तिरका पडतो आणि बारीक, लांब सुई मध्येच कमान टाकते. ०.२० जाडीला ४० मिमी लांबी ही नवशिक्यासाठी अवघड जोडी आहे. ०.३० × २५ ने सुरुवात करा, मग ०.२५ × ४०. लांब सुई टोकाजवळ निर्जंतुक कापसात धरून त्वचेपार न्यायची. जो भाग शरीरात जाणार त्याला उघडं बोट लागता कामा नये.

दुखण्याचं उत्तर वेगात आहे. टोचल्याची तीव्र वेदना मुख्यतः त्वचेत जाणवते, म्हणून त्वचा झटकन पार करायची आणि खाली सावकाश जायचं. शिकणारे भीतीपोटी बरोबर उलटं करतात: त्वचेवर रेंगाळतात आणि आत गेल्यावर घाई करतात. अल्कोहोल ओलं असताना टोचलं तरी झोंबतं, ते पूर्ण वाळू द्या.

सरावासाठी मऊ कागदाच्या घड्या घालून साधारण ८ × ५ सेंमीची, २-३ सेंमी जाड गड्डी करा आणि दोऱ्याने घट्ट आवळा. तिच्यात सुई अंगठा आणि तर्जनीत फिरवत आत-बाहेर न्यायची. कापडात बांधलेला कापसाचा गोळा वर-खाली हालचालीसाठी. गड्डीतून सुई न वाकता सरळ पार जाऊ लागली की मगच माणसाच्या अंगावर.

फिरवताना दोन्ही दिशांना सारखं फिरवा. एकाच दिशेने फिरवत राहिलात तर तंतू सुईभोवती गुंडाळले जातात आणि सुई अडकते. अशी सुई ओढायची नाही. उलट दिशेने थोडी फिरवा, आजूबाजूला बोटाने हलकं थोपटा, थोडा वेळ तशीच राहू द्या, गरज पडली तर जवळच दुसरी सुई घाला म्हणजे स्नायू सैल पडतो. रुग्ण हलल्यामुळे वाकली असेल तर आधी त्याला मूळ स्थितीत आणा आणि बाक ज्या दिशेला आहे त्याच दिशेने हळू काढा.

बारा_चुन
बिंदू सरकण्याबद्दल. पहिली शंका: मोजता कोणाच्या बोटांनी? चुन हे रुग्णाच्या शरीराचं माप आहे. त्याच्या अंगठ्याची सांध्यापाशी रुंदी १ चुन, त्याची चार बोटं जोडून ३ चुन. तुमचा हात मोठा आणि त्याचा लहान असेल तर चूक तिथेच होते.

दुसरी शंका सुरुवातीच्या जागेची. एसटी ३६ मोजायचा तो एसटी ३५ पासून, म्हणजे गुडघा वाकवल्यावर वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खळगा पडतो तिथून. पाय सरळ ठेवला की हा खळगा नीट सापडत नाही आणि लोक वाटीच्या कडेपासून मोजू लागतात. तिथून ३ चुन खाली, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. पडताळा असा: एसटी ३५ ते घोट्यापुढचा एसटी ४१ हे १६ चुन, आणि बरोबर मध्यावर ८ चुनांवर एसटी ३८ ची पातळी. तुमचा एसटी ३६ या अर्ध्या अंतराच्याही निम्म्याच्या किंचित वर यायला हवा.

बोटांपेक्षा प्रमाण जास्त विश्वासाचं. इलॅस्टिकच्या पट्टीवर समान अंतरावर १२ भाग आखा, कोपराच्या घडीपासून मनगटाच्या घडीपर्यंत ताणा. मनगटाकडून दुसरी रेघ म्हणजे पीसी ६ या हाताच्या आतल्या बाजूच्या बिंदूची पातळी. पट्टी कुणाच्याही हाताला चालते. शेवटचा निर्णय मात्र बोटाच्या टोकाचा: त्या परिसरात दाबून खळगा किंवा हुळहुळी जागा शोधा.

जाता जाता: चीनच्या सोंग राजवटीत वैद्य वांग वेईयी यांनी १०२७ च्या सुमारास ब्राँझचे दोन मानवी पुतळे घडवून घेतले. बिंदूंच्या जागी छिद्रं, वरून मेण, आत द्रव. सुई अचूक बसली तरच द्रव बाहेर यायचा. परीक्षा पाठांतराची नव्हती, हे मला फार मोलाचं वाटतं.

पर्यवेक्षक
अभ्यासक्रमाचं बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉक्टर नसलेल्यांसाठी दोन वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण धरलंय: २५०० तास, त्यातले किमान १००० प्रात्यक्षिक आणि रुग्णसेवेचे. याच मापाने दोन्ही ठिकाणं तपासा. यिन-यांग, पंचतत्त्वं, जीभ वाचणं ऑनलाइन बऱ्यापैकी शिकता येतं. सुई आणि नाडी कुणीतरी शेजारी उभं राहून हात धरून दुरुस्त केल्याशिवाय येत नाही.

विचारायचे प्रश्न: देखरेखीखाली किती रुग्ण स्वतः तपासून टोचायला मिळतात, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, शरीररचना वेगळा विषय म्हणून आहे का, सुरक्षिततेची वेगळी परीक्षा आहे का. रुग्णाला तातडीने डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे शिकवत नसतील तर तिथे जाऊ नका. जिथे व्यवसाय करायचा तिथल्या कायद्याला ते प्रमाणपत्र चालतं का, हे पैसे भरायच्या आधी. चिनी वनौषधी हा स्वतंत्र, मोठा विषय आहे. ॲक्युपंक्चरच्या प्रमाणपत्रात तो आपोआप येत नाही.

शिकाऊ_हात
मनापासून आभार. पट्टी आजच आखते. आणखी दोन शंका. दे-ची (सुई बसल्यावर येणारी विशिष्ट जाणीव) आली हे खात्रीने कसं ओळखायचं? आणि पुढच्या सत्रात पाठीचे बिंदू आहेत, बीएल १३ आणि खांद्यावरच्या जीबी २१ ला किती खोल जायचं?

बारा_चुन
दे-ची म्हणजे जड, दुखरं, पसरत जाणारं वाटणं. तुमच्या बोटांना सुई किंचित धरल्यासारखी लागते. विजेच्या झटक्यासारखी कळ आली तर ती दे-ची नव्हे, मज्जातंतूला स्पर्श झालाय. सुई थोडी मागे घ्या, फिरवू नका. पीसी ६ च्या खालीच मीडियन नर्व्ह (हाताचा एक मोठा मज्जातंतू) असते, म्हणून पहिला सराव तिथे नको. एसटी ३६ चा मांसल भाग बरा.

पर्यवेक्षक
पाठ आणि खांदा शिक्षक शेजारी नसताना अजिबात टोचू नका. फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेला फुप्फुसाचं आवरण त्वचेपासून अवघं १० ते २० मिमी खोल असू शकतं, कृश माणसात त्याहून धोका जास्त. बीएल १३ ला सुई तिरकी, कण्याच्या दिशेने आणि उथळ. जीबी २१ ला स्नायू चिमटीत उचलून त्या उचललेल्या भागातच. सरळ खाली कधीच नाही. नंतर छातीत कळ, धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर थेट रुग्णालयात पाठवा. ही लक्षणं काही तासांनीही दिसतात, म्हणून रुग्णाला घरी जाण्याआधीच सांगून ठेवा.

गर्भवतीला एलआय ४ (अंगठा-तर्जनीमधला) आणि एसपी ६ (घोट्याच्या वर, आतल्या बाजूचा) हे बिंदू शिकाऊंनी टाळावेत. पहिल्यांदा येणाऱ्याला आडवं झोपवूनच टोचा, उपाशी असेल तर आधी खायला सांगा. घाम आणि फिकेपणा दिसला तर सगळ्या सुया काढा, पाय उंच करा. सुया घालताना मोजून कागदावर आकडा लिहा, काढताना तोच आकडा जुळवा. केसांतली आणि चादरीखाली गेलेली सुई हमखास राहून जाते.