मदत हवी आहे: डीआरबी देऊनही सेरिन २ चं फॉस्फोरिलेशन उतरत नाही

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) १०० मायक्रोमोलर डीआरबी (सीडीके९ सारखी फॉस्फेट लावणारी विकरं अडवणारं रसायन) १ तास दिलं. पी-टेफबी (सीडीके९ आणि सायक्लिन टी१ यांचं संकुल) अडलं की नेल्फ आणि डीसिफ ही प्रथिनं आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज २ ला प्रवर्तकाजवळच (जनुकाच्या सुरुवातीला) धरून ठेवणार, सेरिन २ ची (पॉलिमरेजच्या शेपटीतलं अमिनो आम्ल, ज्यावर पी-टेफबी फॉस्फेट लावतं) पट्टी फिकी पडणार, ही अपेक्षा. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) फरक जेमतेम आहे. पेशी साध्या पीबीएसने दोनदा धुतल्या, खरवडल्या, सेंट्रिफ्यूज केल्या, मग पेशी फोडायला प्रोटिएज इनहिबिटर घातलेला रिपा बफर. ८ टक्के जेल, दुधात ब्लॉकिंग, फॉस्फेट लागलेलं सेरिन २ ओळखणारी एच५ अँटिबॉडी. कुठे चुकतंय?

उत्तर १
धुण्यातच घोळ आहे. डीआरबी एटीपीच्या जागी बसतं आणि तितक्याच सहज सुटतं. ते धुऊन काढलं की काही मिनिटांत पॉलिमरेज पुढे धावू लागतं. धुऊन सेंट्रिफ्यूज होईपर्यंत सीडीके९ पुन्हा कामाला लागलेलं असतं. पीबीएस बर्फात थंड करा, त्यातही १०० मायक्रोमोलर डीआरबी ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्लेटवरच गरम एसडीएस सॅम्पल बफर ओतायचा, ९५ अंशांवर ५ मिनिटं ठेवायचं आणि डीएनएचा चिकटपणा जाईपर्यंत सॉनिकेट करायचं.

रिपाच वापरायचा असेल तर फॉस्फेटेज इनहिबिटर हवेतच: १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, २० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. नुसतं ऑर्थोव्हॅनाडेट पुरत नाही, ते मुख्यतः टायरोसिनवरचे फॉस्फेटेज थोपवतं. इनहिबिटर नसले तर कंट्रोलमधलंही सेरिन २ उतरतं आणि फरक पुसला जातो. कंट्रोलला तेवढंच डीएमएसओ (डीआरबीचं द्रावक) दिलंय ना?

उत्तर २
एच५ ही आयजीएम प्रकारची अँटिबॉडी आहे. तिला ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी आयजीजी प्रकाराविरोधी असेल तर दिसतंय ते बहुतेक पार्श्वभूमीचंच. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोरिलेटेड असतं, म्हणून ब्लॉकिंग बीएसएत (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) करा. जेल ६ टक्के घ्या, जास्त वेळ चालवा, म्हणजे आरपीबी१ च्या (पॉलिमरेज २ चा सर्वांत मोठा घटक, शेपटी याचीच) वरच्या (फॉस्फोरिलेटेड) आणि खालच्या पट्ट्या वेगळ्या होतील. एकूण आरपीबी१ साठी एन-टर्मिनल बाजू ओळखणारी अँटिबॉडी हवी. ८डब्ल्यूजी१६ ही अँटिबॉडी चालणार नाही, तिला फॉस्फेट नसलेलीच शेपटी जास्त भावते.

प्रश्नकर्ता
दुय्यम आयजीजीविरोधीच निघाली. पण सेरिन २ उतरलं की पी-टेफबी अडलं, असं म्हणता येईल?

उत्तर १
तेवढ्यावरून नाही. सेरिन २ वर सीडीके१२ आणि १३ सुद्धा फॉस्फेट लावतात, आणि डीआरबी केवळ सीडीके९ लाच धरत नाही. चिप-क्यूपीसीआर (जनुकावर पॉलिमरेज कुठे किती बसलंय ते मोजायची पद्धत) करा: एक प्रायमर जोडी आरंभबिंदूपाशी (पॉलिमरेज साधारण २० ते ६० न्यूक्लिओटाइड पुढे थांबतो), दुसरी लांब जनुकाच्या आत काही हजार बेसवर. पहिलीकडचा सिग्नल टिकून दुसरीकडचा पडला, तर अडथळा खरा. डीआरबीची मात्रा मात्र कमी करू नका: ७एसके आरएनए आणि हेक्सिम१ प्रथिनाच्या संकुलात निष्क्रिय कोंडलेलं पी-टेफबी डीआरबीनेच सुटतं, आणि अपुऱ्या मात्रेत ते सुटलेलं संकुल काम करत राहतं.