‘स्पिन ट्रान्सपोर्ट’ला काय म्हणावं?

प्रश्न : ग्राफीनवर (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) एका बाजूला चुंबकीय कोबाल्ट, दुसऱ्या बाजूला अतिवाहक (विद्युतरोध शून्य झालेलं, सुपरकंडक्टर) अॅल्युमिनियम, अशा उपकरणावर लिहितोय. त्यात इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत चुंबकीय गुण, एकीकडून दुसरीकडे जातो. ‘फिरकी-परिवहन’ चालेल का?

उत्तर : ‘परिवहन’ म्हटलं की एसटी आठवते, आणि फिरकी आपण एकमेकांची घेतो. ‘स्पिन’ तसाच ठेवा. पुढचा शब्द मोजणी पाहून ठरवा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या २००७च्या ग्राफीनवरच्या प्रयोगात प्रवाह कोबाल्टच्या दोन पट्ट्यांतून फिरवला आणि व्होल्टेज शेजारच्या दोन पट्ट्यांवर मोजलं. मधल्या ग्राफीनमधून निव्वळ विद्युतप्रवाह जात नाही. पसरतो तो स्पिनचा असमतोल, आणि खोलीच्या तापमानाला दर दीड-दोन मायक्रोमीटरला तो ३७ टक्क्यांवर येतो. तिथे ‘विसरण’च (डिफ्यूजन) लिहा. शीर्षकात ‘वहन’ पुरे.

दुसरं मत : शीर्षकात हरकत नाही, पण ‘अतिवाहकातून स्पिन-वहन’ सरसकट लिहू नका. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात, तिला कूपर जोडी म्हणतात; अॅल्युमिनियममधल्या या जोडीत दोन इलेक्ट्रॉन विरुद्ध स्पिनचे असतात, जोडीचा एकूण स्पिन शून्य. कमी ऊर्जेचा स्पिनप्रवाह सीमेवरच अडतो.

‘जोड’ हा शब्दही दोन्हीकडे एकच वापरून भागणार नाही. अतिवाहकाला ग्राफीनशी मोकळा जोड लागतो, तर कोबाल्टखाली साधारण एक नॅनोमीटरचा ऑक्साइडचा अडथळा, नाहीतर स्पिन परत कोबाल्टमध्ये शिरून विरतो. ग्राफीनवर ऑक्साइड सलग बसत नाही, बेटं होतात आणि मधल्या भोकांतून कोबाल्ट थेट टेकतो. त्यावर उपाय म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइडआधी टिटॅनियमचा अगदी विरळ थर देतात. म्हणून अतिवाहकाकडच्याला ‘पारदर्शी जोड’, कोबाल्टकडच्याला ‘बोगदा-जोड’ (अडथळ्यातून ‘टनेलिंग’ने पार होण्यावरून) म्हणा.

प्रश्नकर्ता : आणि हान्ले मोजणीतल्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवत स्पिनच्या संकेताचा वक्र काढतात त्यातल्या, ‘प्रिसेशन’ला (स्पिनची दिशा क्षेत्राभोवती फिरण्याला)?

उत्तर : ‘परांचन’, खगोलवाल्यांचा शब्द आयता आहे. पण आकृतीखाली क्षेत्राची दिशा लिहाच. परांचनासाठी क्षेत्र पृष्ठाला लंब लावतात. स्पिनचं आयुष्य १०० पिकोसेकंद असेल तर वक्राची अर्धी रुंदी ५०-६० मिलिटेस्लाच्या घरात जाते. अॅल्युमिनियमची अतिवाहकता मुळात १.२ केल्विनखालची, आणि ठोकळ्याच्या रूपात ती १० मिलिटेस्लाच्या आसपासच मोडते. पातळ थर थोडं जास्त सोसतो. म्हणजे वक्र पूर्ण होईपर्यंत तुमचा ‘अतिवाहक’ साधा धातू झालेला असू शकतो. अशा आकृतीखाली नुसतं ‘अॅल्युमिनियम-जोड’ लिहा. नायोबियम बरंच जास्त क्षेत्र सोसतं, ते असेल तर ‘अतिवाहक’ राहू द्या.