दोघांनी मिळून नाटक लिहिताना शेवटचा शब्द कुणाचा?

पंचगंगेकाठचा
मंडळी, मी आणि माझा एक मित्र मिळून कोल्हापूरच्या २०१९च्या महापुरावर दोन अंकी नाटक लिहितोय. प्रवेशांना नावं नाहीत, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दिलीय. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, शेवटचा ५५. (कल्पना मित्राची. मला आधी सरकारी पत्रकासारखी वाटली, आता लई आवडते.) प्रवेश वाटून घेतलेत आणि गूगल डॉक्सवर दोघांची एकच संहिता आहे.

भांडण आजीवरनं. चिखलीची म्हातारी, घर सोडायला तयार नाही. मी लिहिलं, "तुम्ही जावा. मी म्हसरांजवळ थांबतो." मित्र मूळचा नाशिकचा, बँकेच्या बदलीनं इथं आलेला. रात्री साडेअकराला त्यानं 'थांबतो'चं 'थांबते' केलं. सकाळी मी परत 'थांबतो'. रात्री परत 'थांबते'. आठवडा झाला हेच चाललंय. अहो, माझी आई, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्या 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात! त्याचं म्हणणं, परीक्षक बाहेरचे असले तर नटीची जीभ घसरली असं वाटेल, कुणी हसलं तर प्रवेश गेला. हेही खोटं नाही. पण आता आजी ३९ फुटाला चिखलीची आहे आणि ४३ला नाशिकला जाऊन आल्यासारखी बोलते.

तुम्ही असले वाद कसे मिटवता? आणि नाव कुणाचं आधी?

माहेर_अकोला
दादा, लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी जरा बाजारात जाऊन येतो." मी मामंजी कुठे दिसतात का बघत बसले! तुमच्या मित्राची भीती खरी आहे. पण एकटी आजीच तशी बोलली तर चूक वाटेल. पहिल्या पाच मिनिटांत आणखी एक-दोघी तशाच बोलल्या, की प्रेक्षकाला आपोआप कळतं.

संवादवाला
प्रवेश वाटून घेतलेत तिथंच घोळ झालाय. एकच पात्र दोन हातांनी लिहिलं की त्याला दोन जिभा फुटतात. मालिकांत पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे असतात, ते उगीच नाही. फुटांची कल्पना ज्याची, तो रचनेचा माणूस. त्याला प्रवेशांचा क्रम आणि कात्री द्या, बोली तुम्ही सांभाळा. आणि डॉक्समध्ये थेट खोडणं बंद. सुचवण्याचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. खोडलेलं दिसत राहतं, रात्री-अपरात्री डोकं फिरत नाही.

वकिली_चष्मा
नावाबद्दल. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकाचं काम दुसऱ्याच्या कामापासून वेगळं काढता येत नाही ती. हक्कही शेवटी जो हयात राहील त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नावाचा क्रम आणि मानधनाची वाटणी आजच एका कागदावर लिहून सह्या करा. प्रयोग गाजल्यावर लिहायला बसाल तर जमणार नाही.

पंचगंगेकाठचा
सगळ्यांचे आभार. परवा गंगावेशीत कट्ट्यावर उभ्यानं दूध प्यालो, मग त्याच्या घरी बसून अख्खी संहिता मोठ्यानं वाचली. आजी त्याला वाचायला लावली. बोली माझ्याकडं आली, पण फुकट नाही. माझं दीड पानाचं स्वगत त्यानं चार ओळींवर आणलं. दोन दिवस मी बोललो नाही त्याच्याशी. काल परत वाचलं, चार ओळीच बऱ्या आहेत.

अकोल्याच्या ताईंची सासूबाई मात्र नाटकात शिरली. आता आजीला बाहेरगावची सून आहे. ३९ फुटाला ती 'मी आले' म्हणते आणि आजी तिला हसते. ५५ला बोटीत चढताना तीच ओरडते, "आत्या, मी आलो!" हे वाक्य त्याला सुचलं का मला, यावर अजून वाद आहे.

नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं. त्याचं 'क'वरनं, माझं 'प'वरनं. चालतंय.